सर रोनाल्ड रॉस आणि आपल्या लेकरांची मच्छरदाणी



गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आपल्या वडील मंडळींची अशी समजूत असे की मावळचे पाणी माणसास लागते. पाऊस ओसरून भात पोटरीस येऊ लागले की घरोघर थंडीतापाची माणसे घोंगड्या पांघरून पडत. दिवसाआड हुडहुडी भरे, मग अंग भट्टीसारखे तापे, मग घाम सुटून ताप उतरे, आणि एक दिवस सोडून पुन्हा तोच क्रम चाले. कोणी पाण्यास दोष देई, कोणी दलदलीवरून येणाऱ्या वाऱ्यास, कोणी गावाच्या देवतेच्या कोपास. असे मानणारे आपणच होतो असे नाही. युरोपातील विद्वान लोकही शेकडो वर्षे हेच मानीत आले. मलेरिया या नावाचा मूळ इटालियन अर्थच मुळी दूषित हवा असा आहे. ही समजूत ज्या पुरुषाने खोटी ठरविली, आणि तीही याच देशात, येथील गरीब शिपायांच्या व नोकरांच्या साहाय्याने ठरविली, त्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. हे चरित्र वाचून नुसते कौतुक करून थांबावे असा आमचा हेतू नाही. त्याच्या शोधाचा आपल्या घरातील सर्वांत लहान लेकराशी काय संबंध आहे, हे शेवटी सांगावयाचे आहे.

बालपण व शिक्षण

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा या गावी झाला. मेरठ येथे शिपायांचा उठाव होऊन तेव्हा तीनच दिवस लोटले होते. त्यांचे वडील हिंदुस्थानच्या फौजेत अधिकारी होते व पुढे सेनापतीच्या पदास पोहोचले. दहा भावंडांत रोनाल्ड हे थोरले. आठ वर्षांचे झाल्यावर त्यांस शिक्षणासाठी इंग्लंडात नातलगांकडे पाठविण्यात आले. मुलाचा ओढा काव्य, संगीत, चित्रकला व गणित यांकडे होता. वैद्यकाची त्यांस गोडी नव्हती. परंतु मुलाने हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यात नोकरी करावी अशी वडिलांची इच्छा होती. आज्ञा मानून ते लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या विद्यालयात दाखल झाले, पण अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. काही काळ त्यांनी जहाजावरील डॉक्टर म्हणून काम केले, आणि अखेर १८८१ साली ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय नोकरीत शिरले. ज्या कामासाठी देव एखाद्यास तयार करीत असतो, ते काम पुष्कळदा त्या माणसास प्रथम नकोसेच वाटते, हे पवित्र शास्त्रातील मोशेच्या व योनाच्या चरित्रांवरून आपणांस ठाऊकच आहे.

पिंपातील पाणी

१८८३ साली रॉस बंगळूर येथे नेमणुकीवर असता त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होऊ लागला. शोध करता त्यांस आढळले की खिडकीजवळ ठेवलेल्या एका पिंपातील पाण्यात डासांची पिलावळ वळवळत आहे. त्यांनी ते पिंप उलथून टाकले आणि थोड्याच दिवसांत डास कमी झाले. मग त्यांनी तेथील लष्करी अधिकाऱ्यास सुचविले की छावणीतील अशी सर्व भांडी रिकामी करावी; पण ती सूचना मान्य झाली नाही. डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल अशी कल्पना त्या वेळी रॉस यांच्याही मनात नव्हती. तरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली की जो उपद्रव माणूस दैवाचा म्हणून सोसतो, त्याचे मूळ कित्येकदा त्याच्याच अंगणात असते.

पुढील दहा वर्षे ते मद्रास इलाख्यात व ब्रह्मदेशात निरनिराळ्या ठिकाणी काम करीत राहिले. १८८९ साली त्यांचा रोझा ब्लॉक्सम यांच्याशी विवाह झाला. त्याच सुमारास रजेवर इंग्लंडात असता त्यांनी सूक्ष्म जंतूंच्या शास्त्राचा अभ्यास केला. १८८० साली लाव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी वैद्याने अल्जीरियात हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात त्या रोगाचे जंतू पाहिले होते. हिंदुस्थानात परत आल्यावर रॉस यांनी पुष्कळ रक्त तपासले, पण त्यांस ते जंतू दिसेनात. तेव्हा लाव्हरान यांचे म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांनी लिहूनही टाकले. १८९४ साली रजेवर लंडनला गेले असता डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांस सूक्ष्मदर्शकाखाली ते जंतू प्रत्यक्ष दाखविले. रॉस यांनी आपली चूक तत्काळ कबूल केली. मॅन्सन यांनी पूर्वी चीनमध्ये राहून असे शोधून काढले होते की हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात. हिवतापाचेही तसेच असावे असा त्यांचा तर्क होता. हा तर्क सिद्ध करण्याचे काम त्यांनी रॉस यांच्या हाती दिले.

मुंबई बंदर व सिकंदराबाद

१८९५ साली रॉस मुंबई बंदरात उतरले. सामान जकातीतून सुटण्यापूर्वीच ते मुंबईच्या रुग्णालयात गेले आणि हिवतापाचे रोगी शोधून त्यांचे रक्त तपासू लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितलेले आहे. मनुष्याच्या अंगी कामाची लागलेली कळकळ याहून अधिक ती काय असावी?

त्यांची नेमणूक सिकंदराबाद येथील पलटणीत झाली. तेथे त्यांनी डास पाळले, रोग्यांस मच्छरदाणीत निजवून त्यांच्यावर ते डास सोडले, आणि नंतर एक एक डास फाडून तपासला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मॅन्सन यांची प्रथम अशी समजूत होती की डास पाण्यात मरतो, त्याच्यातील जंतू पाण्यात मिसळतात, आणि ते पाणी प्याल्याने ताप येतो. म्हणून रॉस यांनी काही माणसांस पैसे देऊन, ज्यात डास मेले होते असे पाणी पाजून पाहिले. परंतु त्यातून काहीच निश्चित सिद्ध झाले नाही. आपल्या मावळातील वडील माणसे पाण्यास दोष देत, आणि लंडनचे पंडितही काही काळ पाण्यासच दोष देत होते! सत्याचा मार्ग निराळा होता.

दोन वर्षे परिश्रम करूनही यश येईना. कारण रॉस ज्या करड्या व पट्टेदार डासांवर प्रयोग करीत होते, त्यांच्या जाती हिवताप पसरविणाऱ्या नव्हत्याच. मधल्या काळात त्यांस पटकीच्या साथीच्या कामावर बंगळूरला पाठविण्यात आले. निलगिरीच्या डोंगरात शोध करीत असता त्यांस स्वतःसच हिवतापाने गाठले. १८९७ च्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा सिकंदराबादेस येऊन कामास बसले. खोली लहान, उकाडा असह्य. पंखा लावावा तर फाडलेला डास उडून जाई, म्हणून तो बंद. कपाळाच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले आणि काचेस तडा गेला. अशा स्थितीत त्यांच्या माणसांनी ठिपकेदार पंखांचे, तपकिरी रंगाचे काही निराळे डास आणून दिले. हुसेन खान नावाच्या रोग्याने आपणांस ते डास चावू दिले, आणि दर डासामागे एक आणा घेतला. २० ऑगस्ट १८९७ रोजी, उरलेल्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांस काळ्या कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. तेच हिवतापाचे जंतू होते. आजही २० ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

त्या प्रसंगी रॉस यांनी देवाचे आभार मानणारी कविता लिहिली. ते मिशनरी नव्हते व धर्मोपदेशकही नव्हते, आणि त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणे आमचे काम नव्हे. परंतु लक्षावधी माणसांचा घात करणारे गुपित उघड झाले त्या घडीस त्यांची दृष्टी वर गेली, ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. त्याचबरोबर एक आणा घेऊन आपले रक्त देणाऱ्या हुसेन खानाचे नावही आपण विसरू नये. मोठ्या शोधांच्या पायथ्याशी अशी लहान माणसे असतात.

कलकत्ता व पाखरांचे पिंजरे

शोध लागला त्यानंतर महिनाभरातच रॉस यांची बदली झाली. मुंबईमार्गे त्यांस राजपुतान्यातील खेरवाडा येथे पाठविण्यात आले, आणि तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच. त्यांनी राजीनाम्याची भाषा केली. अखेर मॅन्सन यांनी खटपट केली, आणि १८९८ च्या फेब्रुवारीत त्यांस कलकत्त्यास शोधाच्या खास कामावर नेमण्यात आले. तेथे माणसे प्रयोगास मिळेनात, म्हणून त्यांनी पाखरांस होणाऱ्या तशाच तापाचा अभ्यास सुरू केला. मुहम्मद बक्ष नावाचा त्यांचा नोकर डास व पाखरे गोळा करण्यात निष्णात होता. आजारी पाखरांचे पिंजरे मच्छरदाणीत ठेवून आत डास सोडीत, आणि मग ते डास टप्प्याटप्प्याने तपासीत. जुलै महिन्यात असे दिसून आले की जंतू डासाच्या जठरातून निघून त्याच्या लाळेच्या पिंडांत जाऊन राहतात. असे डास निरोगी चिमण्यांस चावू दिले, आणि थोड्याच दिवसांत त्या चिमण्यांचे रक्त जंतूंनी भरून गेले. येणेप्रमाणे साखळीचा प्रत्येक दुवा उघड झाला. रोगट रक्त पिणारा डास, त्याच्या पोटात वाढणारे जंतू, त्याची लाळ, त्याचा पुढचा दंश आणि नवा रोगी, असा तो क्रम होय.

मनुष्याच्या हिवतापाविषयी हीच गोष्ट त्या वर्षाच्या अखेरीस इटलीतील ग्रासी व त्यांच्या सोबत्यांनी सिद्ध केली. त्यानंतर १९०० साली मॅन्सन यांनी दोन प्रयोग केले. रोम शहराजवळच्या अत्यंत रोगट मैदानात सॅम्बन व लो हे दोन डॉक्टर दारे-खिडक्यांस जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. दिवसा ते लोकांत हिंडत, तेथीलच हवेत वावरत. मात्र सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जाळीच्या आत राहत. हिवतापाच्या ऐन दिवसांतही ते निरोगी राहिले. इकडे लंडनमध्ये मॅन्सन यांच्या मुलाने रोमहून आणलेले रोगट डास स्वतःस चावू दिले, आणि जेथे हिवताप नव्हता अशा त्या शहरात त्यास हिवताप आला. हवेचा दोष नाही व पाण्याचाही नाही, हे यावरून सर्वांस कळून चुकले. रात्रीची एक साधी जाळी पुरेशी होती.

पुढील आयुष्य

१८९९ साली रॉस यांनी हिंदुस्थानची नोकरी सोडली व लिव्हरपूल येथील उष्ण प्रदेशांतील रोगांच्या विद्यालयात ते शिकवू लागले. १९०२ साली त्यांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले व १९११ साली सर ही पदवी मिळाली. परंतु मान मिळाल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. पश्चिम आफ्रिकेत, सुएझ कालव्यावरील इस्माइलिया येथे व मॉरिशस बेटात जाऊन त्यांनी डासांची पैदास बंद करण्याची योजना सांगितली. मॉरिशसमध्ये १९०७-०८ साली रोगाचे माप घेण्यासाठी त्यांनी लहान मुलांची पोटे तपासविली. कारण वारंवार हिवताप आलेल्या बालकाची पाणथरी वाढते व ती हातास लागते. एखाद्या गावात हिवताप किती आहे हे पाहावयाचे असेल तर तेथील मुलांकडे पाहावे, हे त्यांस ठाऊक होते.

त्यांस गणिताची लहानपणापासून आवड होती, आणि तिचा उपयोग त्यांनी याच कामी केला. प्रत्येक डास मारल्याशिवाय हिवताप जाणार नाही असे लोक म्हणत व हताश होत. रॉस यांनी आकडेमोड करून दाखविले की डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तर रोग आपोआप मावळू लागतो. कारण एका रोग्यापासून दुसऱ्यापर्यंत जंतू पोहोचविण्यास पुरेसे डास उरत नाहीत. गावातील सर्वांनी थोडे थोडे केले तर एकट्याने पुष्कळ केल्यापेक्षा अधिक लाभ होतो, असा या हिशेबाचा साधा अर्थ आहे.

चरित्र लिहिताना दोष झाकणे बरे नव्हे. रॉस यांचा स्वभाव तापट होता. शोधाचा मान कोणाचा, यावरून त्यांनी ग्रासी यांच्याशी दीर्घकाळ कडू वाद केला. त्या वादाने दोघांचीही शोभा झाली नाही. सरकारे आपल्या ज्ञानाचा उपयोग करीत नाहीत, याचेही दुःख त्यांस अखेरपर्यंत होते. १९३१ साली त्यांची पत्नी वारली, आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे पंचाहत्तराव्या वर्षी ते निवर्तले. रोगाचे मूळ सापडूनही माणसे त्याच रोगाने मरत राहिलेली पाहणे, हे त्यांच्या आयुष्यातील खरे शल्य होते. त्या शल्याचा संबंध आपल्याशी आहे.

लेकरांचा हिवताप

हिवताप मोठ्या माणसास जर्जर करतो, पण लहान बालकाचा तो प्राण घेतो. जेथे हा रोग वारंवार येतो तेथे मोठ्या माणसाच्या शरीरात काही प्रतिकारशक्ती उत्पन्न झालेली असते. नवजात बालकास काही महिने आईपासून मिळालेले संरक्षण पुरते. ते ओसरल्यावर पाच वर्षांपर्यंतचे मूल उघडे पडते. जंतू त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, मूल पांढरे पडते. आणि ताप घातक जातीचा असला तर झटके येतात, शुद्ध हरपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ५,९७,००० माणसे हिवतापाने मेली. त्यांतील फार मोठा भाग आफ्रिकेतील होता, आणि तेथे मरणाऱ्या दर चार जणांत तीन जण पाच वर्षांखालील बालके होती.

आपल्या देशाची कथा सावध करणारी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी हिंदुस्थानात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांस हिवताप येई व सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले, आणि १९६१ पर्यंत रोगी सुमारे पन्नास हजारांवर आले. लोकांस वाटले, शत्रू गेला. सावधपण सुटले, डासांस औषधाची सवय झाली, आणि १९७६ साली रोग्यांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. त्यानंतर पुन्हा प्रयत्न होऊन रोग पुष्कळ हटला आहे. आज महाराष्ट्रात त्याचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलभागावर आहे. पण वेल्हे व भोर येथील आपण निश्चिंत असावे असे नाही. भातखाचरांत व साठलेल्या डबक्यांत एका जातीचा, डोंगरी ओढ्यांच्या संथ कडेस दुसऱ्या जातीचा, आणि विहिरी-टाक्यांत तिसऱ्या जातीचा हिवतापाचा डास वाढतो. आपली माणसे वीटभट्ट्यांवर व दूरच्या कामांवर जातात आणि रक्तातून जंतू घेऊन घरी येतात. डास येथे आहेतच. रोगी आला की साखळी पुन्हा जुळते.

औषध भारलेली मच्छरदाणी

रॉस यांच्या काळी मच्छरदाणी म्हणजे साधी जाळी होती. भोक पडले किंवा हात जाळीस टेकला की डास चावे. पुढे १९८० नंतरच्या काळात जाळीस डास मारणारे औषध लावण्याची रीत निघाली. त्या औषधाच्या जातीचा मूळ गुण शेवंतीच्या कुळातील एका फुलात आढळला होता. आता हे औषध धाग्यातच मुरविलेले असते, आणि अशी मच्छरदाणी सुमारे वीस वेळा धुतली तरी, म्हणजे साधारण तीन वर्षे, उपयोगी पडते. डास माणसाच्या वासाने जाळीवर येऊन बसतो व मरतो.

यात रॉस यांचा शोध कसा कामी येतो पाहा. रोगट रक्त प्याल्यावर जंतू डासाच्या लाळेत पोहोचण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. इतके दिवस डास जगला तरच तो रोग देऊ शकतो. मध्यंतरी त्यास दर दोन-तीन रात्रींनी रक्त प्यावे लागते. गावातील बहुतेक घरांत औषधाची जाळी असली तर त्या दहा दिवसांत तो कोणत्या तरी जाळीवर बसून मरतो. म्हणजे ज्याच्या घरी जाळी नाही त्या शेजाऱ्याचे मूलही काही अंशी वाचते. आफ्रिकेत केलेल्या मोठ्या प्रयोगांतून असे दिसले की या जाळ्यांनी बालमृत्यू सुमारे १७ टक्के कमी झाले. दर हजार बालकांमागे दर वर्षी पाच ते सहा जीव वाचले. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे आजार टळले, त्यांपैकी सुमारे ६८ टक्के या जाळ्यांमुळे टळले, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. माझ्या पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत, डोंगराकडेच्या एका वाडीत, वीटभट्टीच्या कामावरून परतलेल्या एका कुटुंबात मी प्रार्थनेस गेलो होतो. दोन वर्षांची मुलगी तापाने फणफणत होती. घरात एकच मच्छरदाणी होती, आणि ती बापाच्या खाटेवर बांधलेली होती. कारण तो आजारी पडला तर रोज बुडेल. मुलगी आईपाशी खाली घोंगडीवर उघडी निजत असे. मी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि निघालो. मच्छरदाणीविषयी मी एक शब्दही बोललो नाही. ते पाळकाचे काम नव्हे असे मला वाटले. चार दिवसांनी मुलीस झटके येऊ लागले तेव्हा तिला दवाखान्यात नेले, आणि रक्तात हिवताप निघाला. देवाच्या कृपेने ती वाचली. परंतु त्या रात्रीची खाट व ती घोंगडी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ज्या गोष्टीसाठी मी देवापुढे रडलो, तीविषयी माणसांपुढे बोलण्याची मला लाज वाटली.

म्हणून आता स्पष्ट सांगतो. घरात एकच जाळी असेल तर ती पाच वर्षांखालील मुलांची व गरोदर आईची. मूल आईसह तिच्यात निजावे. झोळी किंवा पाळणा असेल तर जाळी वरून सोडून चोहोकडून खालपर्यंत झाकावी. जमिनीवर निजत असाल तर चार कोपरे खुंट्यांस बांधून कडा चटईखाली खोचाव्या. हिवतापाचा डास दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून मूल झोपले की लगेच जाळी सोडावी. आपण निजू तेव्हा सोडू असे म्हणू नये. नवी जाळी वापरण्यापूर्वी एक दिवस सावलीत पसरून ठेवावी. मळली तर थंड पाण्यात साध्या साबणाने हलकेच धुवावी व सावलीतच वाळवावी. ओढ्यात धुऊ नये, कारण ते औषध माशांस मारते. फाटली तर लगेच शिवावी. कोंबड्या झाकण्यास, रोपे राखण्यास किंवा मासे धरण्यास तिचा उपयोग करू नये. आणि जाळी असली तरी ताप आल्यास वाट पाहू नये. आशाताईंस कळवून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, व दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्या. अंगणातील पिंपे, फुटकी मडकी व टाक्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्या. बंगळूरचे ते पिंप आठवावे.

कोणी म्हणेल, इतक्या साध्या वस्तूने काय होणार? अराम देशाचा सेनापती नामान हाही असेच म्हणाला होता. संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर त्याने केले असते. यार्देनेत सात वेळा स्नान करणे त्यास क्षुल्लक वाटले. शेवटी त्याच्या चाकरांनी त्यास शहाणपण सांगितले, आणि तो बरा झाला.

आणखी एका आईची आठवण करून हा लेख पुरा करतो. योखबेदने आपल्या तान्ह्या मोशेसाठी लव्हाळ्यांचा पेटारा केला. परमेश्वर मुलास राखील असा तिचा विश्वास होता, तरी तिने नुसत्या लव्हाळ्यांवर भरवसा ठेवला नाही. पाणी आत शिरू नये म्हणून तिने त्यास डांबर व राळ चोपडली, आणि मुलावर लक्ष ठेवण्यास त्याची बहीण दूर उभी राहिली. विश्वास व डांबर यांचा त्या घरात विरोध नव्हता. ज्या जाळीत रॉस यांनी डास कोंडून रोगाचे मर्म शोधले, तीच जाळी औषध मुरवून आज आपल्या लेकरांस मिळते. या पावसाळ्यात प्रत्येक ख्रिस्ती घराने आणि प्रत्येक मंडळीने आपल्या वाडीत पाहावे की सर्वांत लहान जीव जाळीच्या आत निजला आहे की बाहेर. ज्या प्रभूने बालकांस जवळ घेतले, तो आपणांस हे लहानसे काम विश्वासूपणे करण्यास साहाय्य करो. आमेन.